हाडाला धरणारी काच

काच म्हटली की पायात घुसण्याची भीती. तीच काच मोडलेल्या हाडात मुद्दाम बसवतात म्हटले, तर घरातली आजी कानांवर हातच ठेवील!

१९६७ साली फ्लोरिडा विद्यापीठाचे लॅरी हेंच एका परिषदेसाठी बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला कर्नल. किरणोत्सर्गाला टिकणाऱ्या वस्तूंविषयी हेंच सांगू लागले, तेव्हा त्याने विचारले, मग माणसाच्या शरीरात टिकेल असे काही करता येईल का? जखमी जवानांचे हातपाय कापावे लागत होते. धातू वा प्लॅस्टिक बसवले, की शरीर त्याला परके मानून भोवती तंतूंचे वेष्टन घालते.

हेंच यांचा विचार साधा होता. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असते, मग काचेतही तेच घालावे. १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि थोडे फॉस्फरस यांची काच तयार झाली. उंदरांच्या मांडीच्या हाडात तिचे तुकडे बसवले. सहा आठवड्यांनी ते ओढूनही निघेनात! शरीरातल्या द्रवात काचेतले सोडियम बाहेर पडते, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलीसारखा थर येतो आणि त्यावर हाडातल्यासारखेच खनिज साचते. हाडाला ते आपलेच वाटते.

पण काच ती काचच; ठिसूळ. १९८५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती मधल्या कानातल्या इवल्याशा हाडांच्या जागी. पुढे झिजलेल्या जबड्यातल्या पोकळ्या तिच्या कणांनी भरू लागले. कर्नलने विचारले होते हातापायांसाठी. मांडीच्या मोडलेल्या हाडात मात्र डॉक्टर आजही धातूचीच सळई घालतात.