इमारतींचे ऊर्जागणित : १८ अंशांची जमीन

एकाच इमारतीचे मॉडेल एकाच हवामान फाईलवर चालवूनही दोन प्रोग्रॅम दोन उत्तरे देतात, तेव्हा संशय आधी भिंतींवर जातो, मग काचांवर, मग एसीच्या क्षमतेवर. पायाखाली सहसा कोणी पाहत नाही. पत्र्याचे छत, एकच मजला आणि जोत्यावर थेट ओतलेला कोबा अशी घडण असेल, तर मात्र तपास जमिनीपासूनच सुरू करावा. शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी शाळाखोल्या, समाजमंदिरे आणि एमआयडीसीतल्या शेड याच घडणीच्या. मुरबाडच्या एका वाचकाचा प्रश्नही अशाच खोलीचा आहे : एसी नसलेला वर्ग, मे महिन्यातली दुपार, एका प्रोग्रॅममध्ये खोली सुसह्य, दुसऱ्यात बसवत नाही इतकी तापलेली. त्यामुळे जाहीर केलेला छताच्या रंगाचा भाग मागे ठेवून या हप्त्यात फक्त जमीन.

खोली सुसह्य दाखवणारा प्रोग्रॅम बहुधा एनर्जीप्लसवर चालतो. हे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे, २००१ पासून वापरात असलेले गणिताचे इंजिन. त्यात जमिनीचे तापमान भरले नाही, तर बाराही महिने १८ अंश सेल्सिअस धरले जाते. थंड देशातल्या, तापवून ठेवलेल्या इमारतीखाली हा आकडा खपून जातो. कोकणपट्टीत काही मीटर खोल जमिनीचे तापमान हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणजे सुमारे २७ अंश असते. १८ धरल्याची सूचना त्रुटींच्या फाईलमध्ये एका ओळीत येते, पण गणित शेवटपर्यंत चालते आणि ती फाईल न उघडताच अहवाल तयार होतो. गंमत अशी की कोणी जाणतेपणाने २७ भरले, तर प्रोग्रॅम त्यालाच टोकतो : आकडे १५ ते २५ अंशांच्या पट्ट्याबाहेर आहेत. ही सूचना वाचून बरोबर आकडा खोडणारेही आहेत. ठाणे जिल्ह्यात तिच्याकडे दुर्लक्ष केलेलेच बरे.

नऊ अंशांनी किती बिघडते, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. खोली ५० चौरस मीटरची, कोबा १० सेंटिमीटर जाडीचा. कोबा आणि त्यावरचा हवेचा पातळ थर मिळून दर चौरस मीटरमागे, दर अंशामागे साधारण ४.३ वॅट उष्णता खाली जाऊ देतात. खोलीत ३२ अंश आणि कोब्याखाली १८ असतील, तर जमीन सुमारे ३ किलोवॅट उष्णता शोषते. एक टनाच्या एसीची क्षमता ३.५ किलोवॅट असते. खाली २७ धरल्यास हाच आकडा १.१ किलोवॅटवर येतो. म्हणजे पहिल्या मॉडेलमध्ये वर्गाला एक छोटा एसी फुकट मिळाला, तोही वीज न खाणारा.

दुसऱ्या प्रोग्रॅमचा आकडा बहुधा हवामान फाईलमधून आलेला असतो. फाईलच्या शीर्षभागात अर्धा, दोन आणि चार मीटर खोलीवरची मासिक तापमाने दिलेली असतात. ती मोकळ्या, इमारत नसलेल्या जमिनीची असतात आणि फाईलमधल्या हवेच्या तापमानावरून काढलेली असतात. शहापूरसाठी सहसा मुंबईचीच फाईल घेतली जाते. समुद्रवाऱ्याने निवलेल्या सांताक्रूझची ती हवा, आणि इकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शिवाय इमारतीखालची जमीन हळूहळू खोलीच्याच तापमानाकडे सरकते. म्हणून मोठ्या, वातानुकूलित इमारतींसाठी एनर्जीप्लसची माहितीपुस्तिका आतल्या सरासरीपेक्षा २ अंश कमी धरायला सुचवते. एसी नसलेल्या वर्गात हा नियम स्वतःभोवती फिरतो : आतले तापमान कळायला जमीन हवी, जमीन कळायला आतले तापमान. तिथे एनर्जीप्लसमधला ‘किवा’ हा भाग वापरावा. तो पाया आणि भोवतीची माती यांतून जाणारी उष्णता तासागणिक सोडवतो. त्यालाही मातीचा एकच वाहकतेचा आकडा द्यावा लागतो. जुलैत चिंब भिजलेला आणि मे महिन्यात खडखडीत वाळलेला मुरूम सारखी उष्णता वाहत नाही, तेव्हा मॉडेल ज्या ऋतूसाठी असेल त्या ऋतूचा आकडा द्यावा.

‘आमचा प्रोग्रॅम अ‍ॅश्रेच्या १४० क्रमांकाच्या मानकावर तपासलेला आहे’ हे उत्तर इथे पुरेसे नाही. (अ‍ॅश्रे ही वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था.) त्या मानकातल्या मूळ चाचणीघराच्या जमिनीला मुद्दामच इतके जाड उष्णतारोधक दिलेले आहे की खालच्या मातीचा जवळपास संबंधच उरत नाही. जमिनीच्या चाचण्या वेगळ्या आहेत. त्यांचे निकाल मागावेत.

दोष जमिनीचाच का, हे पाहण्याची चाचणी जमीन हिशेबातून वगळण्याच्या याच युक्तीची आहे. दोन्ही मॉडेलमध्ये एसी व पंखे बंद ठेवावेत, जमिनीतून उष्णता मुळीच जाणार नाही असे नोंदवावे आणि मे महिन्याचा एक आठवडा चालवावा. आतली तापमाने जुळली, तर फरक जमिनीचाच होता. थोडीच जवळ आली, तर उरलेला फरक बहुधा पत्रा आणि भिंत यांमधल्या फटींतून येणाऱ्या हवेचा. तो हिशेब पुढच्या आठवड्यात. छताचा रंग आणखी एक हप्ता थांबेल.