न मारलेल्या गाठीचा गुण

एका वाचकाने विचारलं आहे, ‘नव्या औषधाच्या टप्प्याटप्प्याने चाचण्या होतात, तशा नव्या शस्त्रक्रियेच्याही होतात का?’ होतात, पण सक्ती नाही. औषधाला परवाना लागतो, उपकरणाला लागतो. सर्जनच्या नव्या युक्तीला बहुतेक देशांत तो लागत नाही. पेशंटला बरं वाटलं ना, मग झालं, असाच बराच काळ निकाल लागत आला.

हा निकाल किती भाबडा असतो, ते 1959 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला कळलं. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्यांसाठी तेव्हा एक सोपी शस्त्रक्रिया जोरात होती. छातीच्या हाडामागून दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या इंटर्नल मॅमरी धमन्यांना गाठ मारायची. खालच्या मजल्याचा नळ बंद केला की वरच्या मजल्यावर पाणी चढतं, तसं अडलेलं रक्त बारीक वाहिन्यांतून हृदयाकडे वळेल, हा तर्क. जागा बधिर करून छातीवर दोन छोटे छेद, बस्स. पेशंट सांगत, गोळ्या कमी झाल्या, आता जास्त चालवतं. ‘रीडर्स डायजेस्ट’मध्येही तिचं कौतुक छापून आलं.

डॉ. लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी 17 पेशंट निवडले. प्रत्येकाला छेद दिला, धमन्या मोकळ्या केल्या आणि मग सर्जनच्या हातात चिठ्ठी पडली: गाठ मारा, किंवा मारू नका. 8 जणांना गाठ, 9 जणांची शस्त्रक्रिया लुटुपुटुची. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कोण कुठल्या गटात, ते ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांत पाच-पाच जणांना चांगला आराम पडला! पुढच्या वर्षी कॅन्ससमध्ये गाठ मारलेल्या 13 पैकी 10 जणांना गुण आला आणि न मारलेल्या पाचांपैकी पाचही जणांना. शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली.

पेशंट खोटं बोलत नव्हते. दुखणं वाढलेलं असतं तेव्हाच माणूस ऑपरेशनला तयार होतो. पुढे ते आपसूकही उतरतं, त्यात सर्जनवरच्या विश्वासाची भर. मात्र सिएटलच्या पेशंटना चिठ्ठीबद्दल सांगितलंच नव्हतं. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे चालू देणार नाही.

जाता जाता, त्याच धमनीचं पुढे सोनं झालं. 1964 मध्ये लेनिनग्राडच्या वसिली कोलेसोव्ह यांनी ती थेट हृदयाच्या धमनीला शिवली आणि आज बायपासमध्ये तिलाच पहिली पसंती असते. बायपास झालेल्या किती जणांनी कोलेसोव्ह हे नाव ऐकलं असेल?

चिठ्ठीचा प्रयोग आता संमती घेऊन होतो. लंडनच्या डॉ. रशा अल-लामी यांच्या गटाने 2017 मध्ये छातीतल्या स्थिर दुखण्याच्या 200 पेशंटवर तो केला. औषधं चालू असताना स्टेंट घातलेले आणि न घातलेले, दोघांच्या व्यायामक्षमतेत ठोस फरक दिसला नाही. 2023 मध्ये याच गटाने औषधं थांबवून पाहिलं, तेव्हा स्टेंटने दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे अशा चाचणीत उपचार नापास होतो, तसा पासही होतो. (हार्ट अटॅकमधला स्टेंट जीव वाचवतो. तो प्रश्न वेगळा, तिथे चालढकल नको.)

तातडी नसेल आणि कुणी नव्या शस्त्रक्रियेत ‘90 टक्के यश’ सांगितलं, तर एवढंच विचारा: डॉक्टर, ती न केलेल्यांपैकी किती जण बरे झाले?