विद्यार्थ्यांच्या अभिप्रायातून रुग्णांचे हित

नाशिकनजीकचे देवळाली कॅम्प हे तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी देशभर ओळखले जाते. या छावणीतील किंवा शेजारच्या भगूर, लहवित गावांतील एखादा मधुमेही रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा त्याच्या हाती चार-पाच औषधे असतात. कोणते जेवणापूर्वी घ्यावयाचे, इन्शुलिन कोठे ठेवावयाचे, जुनी गोळी चालू ठेवावयाची की नाही, हे त्याला नीट समजावून देणे हे रुग्णालयीन औषधनिर्मात्याचे काम होय. ते तो कसे करील, हे पुष्कळ अंशी त्याला कसे शिकविले गेले यावर अवलंबून असते. म्हणूनच या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अध्यापनाचे केलेले मूल्यमापन ही केवळ महाविद्यालयाची अंतर्गत बाब राहत नाही.

वर्गातून वॉर्डाकडे

1948 च्या औषधनिर्माण अधिनियमाने या शिक्षणास देशव्यापी शिस्त लावली. दीर्घकाळ त्याचा भर औषधांच्या उत्पादनावर होता. पुढे रुग्णसेवेला महत्त्व आले. 2008 मध्ये सहा वर्षांच्या 'फार्म. डी.' अभ्यासक्रमाचे नियम झाले. औषधनिर्माणशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीतही 'फार्मसी प्रॅक्टिस' ही शाखा आहे. तीत विद्यार्थी डॉक्टरांसमवेत वॉर्डात फिरतात, औषधांची मात्रा तपासतात, दोन औषधांचा परस्परांवर होणारा परिणाम पाहतात आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करतात. येथे फळ्याइतकेच रुग्णाच्या खाटेजवळचे अध्यापन मोलाचे ठरते.

काय विचारावे?

अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचे मत घेण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी 1927 मध्येच त्यासाठी मोजपट्टी तयार केली होती. आपल्याकडे 1994 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने 2017 च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. परंतु सर्व विद्याशाखांसाठी केलेली प्रश्नावली वॉर्डापर्यंत पोहोचत नाही. शिक्षक ठरलेल्या वेळी वॉर्डात उपस्थित होते काय? रुग्णाशी स्वतः बोलण्याची संधी मिळाली काय? झालेली चूक त्याच दिवशी दाखवून दिली गेली काय? असे प्रश्न महाविद्यालयाने स्वतः जोडावयास हवेत. याची उत्तरे विद्यार्थीच देऊ शकतो. शिक्षकाचे ज्ञान अद्ययावत आहे की नाही, याचा निर्णय मात्र त्या विषयातील जाणकारांनीच करावा.

लहान वर्गाची अडचण

पदव्युत्तर शाखेचा वर्ग लहान असतो. पंधरा जणांच्या वर्गात हस्ताक्षरावरून अथवा लिहिण्याच्या धाटणीवरून विद्यार्थी सहज ओळखू येतो. पुढे त्याच शिक्षकाकडे प्रबंध करावयाचा असल्यास तो स्पष्ट लिहिण्यास कचरतो. यासाठी अभिप्राय विभागाबाहेरील व्यक्तीने गोळा करावेत आणि निकाल लागल्यानंतरच एकत्रित स्वरूपात शिक्षकांस द्यावेत. सरासरीवर विसंबणेही धोक्याचे आहे. चौदा जणांनी 4 पैकी 4 गुण दिले आणि एकाने शून्य दिले, तर सरासरी 3.73 येते. हा आकडा समाधानकारक वाटतो. पण त्या एकाची तक्रार खरी होती की रागातून आली, हे त्यावरून कळत नाही. ते त्याने लिहिलेल्या मजकुरावरूनच कळू शकते. कडक शिस्तीच्या शिक्षकास कमी गुण मिळण्याचा संभवही लक्षात घ्यावा लागतो.

अभिप्रायानंतर काय?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रशिक्षण आवडले काय, काही शिकता आले काय, वागणुकीत बदल झाला काय आणि प्रत्यक्ष फळ मिळाले काय. प्रश्नावली मुख्यतः पहिल्याच पायरीवर थांबते. पुढील पायऱ्यांसाठी परीक्षा, वॉर्डातील कामाचे निरीक्षण आणि रुग्णाला मिळालेली माहिती पाहावी लागते. शिवाय, मागील वर्षीच्या सूचनांवरून काय बदलले हे नव्या तुकडीस सांगितले नाही, तर पुढचे अर्ज केवळ उपचार म्हणून भरले जातात.

आरोग्य संस्थांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर काम करणाऱ्या पंचायत सदस्यांनाही यातून एक साधा प्रश्न घेता येईल: औषधाच्या खिडकीवर औषध नुसते दिले जाते, की समजावूनही सांगितले जाते? या प्रश्नाचे उत्तर रुग्णाकडून मिळवावे. वर्गातील अध्यापनाची अखेरची कसोटी तेथेच लागते.