बाणाला साग नको

अकोले-संगमनेरकडे कुणाचं पोरगं तिरंदाजीच्या नादी लागलं की घरचे हौसेनं सुताराकडून सागाच्या गोल काड्या काढून आणतात. हौस चांगली, लाकूड चुकीचं. घराच्या वाशाला जे चालतं ते बाणाला चालतं, अशी आपली पक्की समजूत आहे. तिथूनच पुढचे घोळ सुरू होतात.

गैरसमज: लाकूड कठीण, तर बाण चांगला.

जरा हिशेब करू. ८ मिलिमीटर जाडीच्या आणि ७५ सेंटिमीटर लांबीच्या भरीव काडीत साधारण ३८ घनसेंटिमीटर लाकूड असतं. वाळलेल्या सागाची अशी काडी २५ ग्रॅमच्या आसपास भरते, खैराची जवळजवळ ३८. पॉप्लरची मात्र १६-१७ ग्रॅममध्येच आटपते. पातं आणि पिसं आणखी वेगळी. धनुष्य तेच, ओढ तीच. मग जड बाण हळू सुटणार आणि लवकर खाली येणार. जवळून खोल घुसवायचा असेल तर वजन कामाला येतं, पण ५० मीटरवरचं लक्ष्य गाठताना ते नडतं.

इंग्लंडचं ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात हजारो बाण सापडले. त्या जहाजावरची धनुष्यं ओढायला पैलवानी खांदे लागत, तरी बाणाच्या काड्या बहुतेक पॉप्लरच्या. आपल्याकडे आगपेटीच्या काड्या होतात, त्याच कुळातलं हे लाकूड!

गैरसमज: बाण वाकता कामा नये.

वाकलाच पाहिजे. साध्या धनुष्यात बाण दांड्याच्या मधून जात नाही, कडेनं जातो. दोरी सुटली की मागून धक्का बसतो, काडीला बाक येतो, ती दांड्याला वळसा घालते आणि पुढे हेलकावत हळूहळू सरळ होते. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. काडी धनुष्याच्या मानानं फार ताठ असली तर उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असली तर उजवीकडे.

हा ताठपणा घरीही मोजता येतो. एकमेकांपासून २६ इंचांवर दोन आधार ठेवा, त्यांवर काडी आडवी टाका आणि बरोबर मधोमध २ पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम, वजन टांगा. काडी जितके इंच झुकेल, त्या आकड्यानं २६ ला भागा. ०.६५ इंच झुकली तर उत्तर ४०, ०.५२ झुकली तर ५०. तुमचं धनुष्य किती पौंड ओढीचं आहे त्याच्या आसपास हा आकडा यायला हवा. माझ्या मते लाकडाच्या जातीवर वाद घालण्यापेक्षा ही एक संध्याकाळ सत्कारणी लागते. उत्तमातल्या उत्तम लाकडाचे सहा बाण सहा तऱ्हेनं झुकत असतील तर ते सहा दिशांनाच जाणार.

गैरसमज: बांबू म्हणजे गरिबाचा बाण.

हा समज मला सगळ्यात खटकतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाणांची यादी आहे, ती वेळू आणि शर या गवतांपासूनच सुरू होते. भिल्लांच्या तीरकामठ्यात तर धनुष्य बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. जपानी धनुर्धारीही बांबूच वापरत आले. कारण सरळ आहे: वाकताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो आणि बांबूचे दाट, चिवट धागे नेमके सालीलगत असतात. आतून पोकळ, म्हणून हलका.

म्हणूनच साल तासू नये. फक्त पेरांचे उंचवटे कानशीनं घासावेत. जन्मजात सरळ काडी शोधत बसण्यात अर्थ नाही. सावलीत वाळवून, मंद आचेवर शेकून, उलट बाक देऊन गार होईपर्यंत धरली की ती सरळ होते. दोरीची खाच अशी कापावी की तिच्या बुडाशी लगेच पेर येईल, आणि खाचेखाली दोरा गच्च गुंडाळावा. नाहीतर दोरीच्या धक्क्यानं काडी उभी चिरते.

अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं म्हणतात. कीड येते ती आतल्या पिठूळ अंशाला. कोवळा बांबू टाळावा आणि तोडलेला काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, हा उपाय जास्त भरवशाचा.

तोडायचा मात्र आपल्या बांधावरचा, नाहीतर बुरुडाकडून विकत घ्यायचा. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला ही सवलत लागू नाही.

परदेशी बाणांच्या वर्णनात ‘सिडर’ वाचून देवदार मागवणारेही भेटतात. बाणांसाठी नावाजलेला ‘पोर्ट ऑरफर्ड सिडर’ हा अमेरिकेतल्या ओरेगॉनकडचा सायप्रसच्या कुळातला वृक्ष, देवदार नव्हे.

सुताराकडच्याच काड्या घ्यायच्या असतील तर त्या उजेडात फिरवून पाहा. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत गेल्या तर ठीक. मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर ती काडी सुटतानाच मोडू शकते, आणि तुटकं टोक धनुष्य धरलेल्या हातात शिरतं. नेम धरण्याआधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवावा. कुरकुर ऐकू आली तर तिथेच दोन तुकडे करून टाकावेत, म्हणजे दुसरं कुणी तो उचलून चढवणार नाही.