पासवर्ड काय आहे, साहेब?

दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचं असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं, लॅपटॉप दुरुस्तीला घेतला की काउंटरवरचा मुलगा झाकणावर कागदी चिकटपट्टी लावतो आणि मार्करने लिहितो: नाव, मोबाइल नंबर, ‘आवाज येत नाही’ आणि त्याखाली पासवर्ड. मग तो लॅपटॉप तसल्याच दहाबारा लॅपटॉपच्या चळतीत जाऊन बसतो. पासवर्ड आता चहा घेऊन येणाऱ्यालाही वाचता येतो.

दुरुस्तीसाठी पासवर्ड द्यावाच लागतो, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी, पंखा, चार्जिंगची पिन यांतलं काहीही बदलायला विंडोजमध्ये शिरावं लागत नाही. काम झाल्यावर तपासायचं म्हटलं, तरी डेलमध्ये एफ१२ आणि एचपीत एफ२ दाबून यंत्राची स्वतःची तपासणी चालवता येते. आवाज, वायफाय वगैरे पाहायला दुकानदार आपल्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करू शकतो. पासवर्ड मागितला जातो तो बहुतेक वेळा काम सोपं पडतं म्हणून. खुद्द विंडोजच बिघडलं असेल, तर मात्र आत जावं लागतं. तेव्हा जमल्यास समोर बसून काम करून घ्यावं. नाहीतर ‘रिपेअर’ नावाचं वेगळं साधं खातं उघडून त्याचा पासवर्ड द्यावा. त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नयेत. दिले की तुमचं फोल्डरही त्याला खुलं होतं.

‘कोण कशाला बघतंय? त्यांना वेळ आहे का?’ कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. धडधाकट लॅपटॉप घेतले, फक्त आवाजाचा ड्रायव्हर बंद केला. आत बनावट पण खरी वाटणारी कागदपत्रं आणि फोटो ठेवले, प्रत्येक क्लिकची गुपचूप नोंद होईल अशी सोय केली आणि ते १६ दुकानांत दिले. १२ ठिकाणच्या नोंदी हाती आल्या. त्यांतल्या ६ ठिकाणी खासगी फाइली उघडल्या गेल्या होत्या, २ ठिकाणी तर त्या कॉपी करून घेतल्या होत्या. दुरुस्ती आवाजाची होती, हे लक्षात घ्या.

कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये असं होत नाही, असं मानणाऱ्यांसाठी २०१६ चं एक प्रकरण पुरे. अमेरिकेतल्या एका विद्यार्थिनीचा आयफोन ॲपलकडे दुरुस्तीला गेला. कॅलिफोर्नियातल्या कंत्राटदाराच्या तंत्रज्ञांनी तिचे खासगी फोटो तिच्याच फेसबुकवर टाकले. ॲपलने पुढे मोठी रक्कम देऊन तडजोड केली.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ डाउनलोड्सचं फोल्डर एकदा उघडून पाहा. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, रद्द केलेला चेक, सातबारा, मुलीचा शाळेचा दाखला. शिक्षक, विमा एजंट किंवा कर सल्लागार असाल, तर यातलं बरंचसं दुसऱ्यांचं असतं आणि ते उघडं टाकायचा हक्क तुम्हाला नाही. शिवाय ब्राउझर. क्रोममध्ये जपून ठेवलेले पासवर्ड पाहायला संगणकाचाच पिन किंवा पासवर्ड लागतो, आणि तो तर चिकटपट्टीवर आहे. जीमेल उघडं असलं की बाकीच्या अनेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. म्हणून लॅपटॉप देण्याआधी फोनवर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून तो काढून टाका आणि गूगल खात्यातून त्या उपकरणावर साइन आउट करा. लॅपटॉप बंद पडला असला तरी हे फोनवरून होतं.

बंदच पडलाय, मग कोण काय बघणार? हीसुद्धा फसवी समजूत. बहुतेक वेळा मदरबोर्ड गेलेला असतो, डिस्क ठणठणीत असते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती च्युइंगमच्या पट्टीएवढी असते आणि एका स्क्रूवर बसलेली. काढून केसिंगमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी दुसऱ्या संगणकाला जोडता येते, आणि तिथे विंडोजच्या लॉगइन पासवर्डचं काही चालत नाही. तेव्हा सरळ डिस्क काढून घरी ठेवावी. वॉरंटी असेल तर आधी विचारून घ्यावं. नव्या मॅकबुकमध्ये ती बोर्डावरच झाळलेली असते, निघत नाही.

खरं कुलूप एन्क्रिप्शनचं: मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. मग डिस्क काढून नेली तरी आतलं काही वाचता येत नाही. पण बिटलॉकर आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो, असंही घडतं. मदरबोर्ड बदलला की पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. लॅपटॉप देण्याआधीच कागदावर उतरवून घरी ठेवा. ती नसली आणि बॅकअपही नसला, तर डेटा तुम्हालाही परत मिळत नाही.

डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, म्हणून निश्चिंत होऊ नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइलची फक्त नोंद पुसली जाते, मजकूर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहतो, आणि तो बाहेर काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एसएसडीवर ट्रिम चालू असेल तर हे काम बरंच कठीण होतं.

कायदा आहेच. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कॉपी झाली हे सिद्ध कोण करणार? त्यापेक्षा पावतीवर काम नेमकं लिहून घ्या, डिस्कचा सिरियल नंबरही टाकायला सांगा. आणि डिस्क बदलली असेल तर जुनी मागा. ‘खराब आहे, काय करणार तिचं?’ असं उत्तर येईल. खराब म्हणून काढलेल्या डिस्कमधूनही बऱ्याचदा डेटा निघतो; तुमच्या आधी तो दुसऱ्या कुणी काढायला नको.