विभक्त पालकांतील छळाचे आरोप आणि कौटुंबिक न्यायालयाची निर्णयपद्धती

नवरा-बायको वेगळे राहू लागले की पोटगी, घर, दागदागिने यांचे वाद पुष्कळ अंशी कागदांवर सुटतात. पगारपत्रक असते, बँकेचे पासबुक असते, सोनाराची पावती असते. परंतु “तो मुलीला पट्ट्याने मारतो”, “ती मुलाला खोलीत कोंडून ठेवते”, “आजोळी गेल्यावर मुलाशी कुणीतरी वाईट वागले” असा आरोप अर्जात उतरला की न्यायालयापुढील काम अवघड होते. जे घडले असे म्हटले जाते ते चार भिंतींच्या आत घडलेले असते. तेथे हजर असलेले प्रौढ हेच वादी-प्रतिवादी असतात. तिसरा साक्षीदार म्हणजे मूल, आणि ते त्या दिवशी या दोघांपैकी एकाच्याच घरी जेवून न्यायालयात आलेले असते. आरोप खरा असून नाकारला गेला तर मूल मारणाऱ्याच्या हाती जाते. आरोप खोटा असून मान्य झाला तर मुलाचा बाप किंवा आई जिवंतपणी हिरावली जाते. या दोन चुकांपैकी कोणतीही एक दुसरीपेक्षा हलकी मानता येत नाही.

आपल्याकडे हे काम कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 अन्वये स्थापन झालेली न्यायालये करतात. जेथे असे न्यायालय नाही तेथे जिल्हा न्यायालय करते. पालकत्वाचा मूळ कायदा मात्र 1890 चा ‘पालक आणि पाल्य अधिनियम’ हाच आहे, आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम 17 मध्ये दोन गोष्टी एका दोरीत ओवलेल्या आहेत : पाल्य ज्या व्यक्तिगत कायद्याखाली येतो त्याच्याशी सुसंगत राहून न्यायालयाने पाल्याचे कल्याण पाहावे. त्याच कलमात पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत पाहावी असे म्हटले आहे, आणि मूल समजूतदारपणे पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर ती पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते असेही म्हटले आहे. छळाचा आरोप बहुतेक वेळा या ‘चारित्र्य व कुवत’ या शब्दांच्या दारातून आत येतो.

येथे शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीत मुलाचाही ‘ताबा’ आणि शेतजमिनीचाही ‘ताबा’. शरीअतच्या परिभाषेत मुलाच्या संगोपनाला ‘हिजानत’ म्हणतात, आणि तिच्या अरबी मुळाशी कूस, छाती असा अर्थ आहे. पालकत्वाच्या अधिकाराला ‘विलायत’ हा निराळा शब्द आहे. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईकडे असते, तर विलायत बापाकडे. 2010 साली कर्नाटकातील एका मुस्लिम कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद आपल्या भाषेत मांडला. पालक कोण हा एक प्रश्न आणि तूर्त मूल कोणाजवळ राहील हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात मुलाचे कल्याण व्यक्तिगत कायद्याच्या क्रमवारीपेक्षा वरचढ ठरते. तेव्हा “आमच्या कायद्यात हक्क बापाचाच” किंवा “आईचाच” एवढे सांगून छळाच्या आरोपाला बगल देता येत नाही.

पुराव्याचे माप

सर्वसामान्य समज असा की आरोप ‘संशयातीत’ सिद्ध झाला नाही तर तो फेटाळला जातो. ते माप फौजदारी न्यायालयाचे आहे. पुण्यात सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका वैवाहिक खटल्यात 1975 साली न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल आजही आधारभूत मानला जातो. वैवाहिक वादात शक्यतांचे पारडे कोणत्या बाजूला झुकते ते पाहायचे, संशयातीत पुरावा मागायचा नाही, असे त्यात ठरले. मात्र प्रश्न जितका गंभीर तितके न्यायालय पुराव्याकडे अधिक सावधपणे पाहते, ही पुस्तीही त्याच निकालात आहे. म्हणूनच “जेवणावरून शिवीगाळ केली” आणि “मुलीवर लैंगिक अत्याचार केला” या दोन आरोपांना माप एकच असले तरी दुसऱ्याची छाननी फार बारकाईने होते.

दुसरी समजूत याहून घातक आहे. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरला, असे न्यायालयाच्या आवारात सर्रास बोलले जाते. 1872 च्या पुरावा कायद्याने ‘सिद्ध’, ‘असिद्ध ठरलेले’ आणि ‘सिद्ध न झालेले’ अशा तीन अवस्था सांगितल्या होत्या, आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या तशाच आहेत. पुरावा अपुरा पडलेला आरोप तिसऱ्या खणात जातो. खोटेपणा निराळा सिद्ध करावा लागतो.

इंग्लंडमध्ये याबाबत कडक द्वैत आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने 2008 साली ठरवले की एखादी घटना शक्यतांच्या पारड्यावर सिद्ध झाली तर ती घडली, नाही झाली तर ती घडलीच नाही असे धरून पुढे जायचे. केवळ शंकेवर मुलाचे भवितव्य ठरवायचे नाही. त्यासाठी तेथे गरज भासल्यास आधी केवळ तथ्यनिश्चितीची सुनावणी होते आणि मुलाने कोणाकडे राहावे हे त्यानंतर ठरते. आपल्या 1984 च्या अधिनियमात असा वेगळा टप्पा नाही. छळ झाला का आणि मूल कोठे राहावे हे दोन्ही प्रश्न एकाच प्रवाहात वाहतात. त्यामुळे न्यायाधीशाला लवचीकपणा मिळतो हे खरे. पण पुष्कळदा आरोपावर स्पष्ट निष्कर्षच निघत नाही, आणि “मुलाच्या कल्याणाचा विचार करता” या एका वाक्याखाली तो प्रश्न गाडला जातो. ही पद्धती सदोष आहे. आरोप करणाऱ्याला आणि ज्याच्यावर तो झाला त्याला, दोघांनाही, उत्तर मिळायला हवे असते.

पुरावा कोठून येतो

अधिनियमाच्या कलम 14 ने कौटुंबिक न्यायालयाला मोठी मोकळीक दिली आहे. वाद नीट निकालात काढण्यास मदत होईल असा कोणताही अहवाल, निवेदन, दस्तऐवज किंवा माहिती, पुरावा कायद्याच्या चौकटीत बसत नसली तरी, न्यायालय घेऊ शकते. कलम 12 अन्वये वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांची मदत घेता येते. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही वैवाहिक वादात पुरावा म्हणून येऊ शकते असे ठरवले. घेता येते याचा अर्थ त्याला वजन मिळतेच असा नव्हे. तोडून जोडलेले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि वाद सुरू होण्यापूर्वीचा सरकारी दवाखान्याचा केसपेपर यांत अनुभवी न्यायाधीश केसपेपरालाच अधिक मानतो.

साधारणपणे पाहिले जाते ते असे : आरोप प्रथम कोणापाशी व केव्हा केला, त्या वेळचे शब्द काय होते, पुढच्या प्रत्येक शपथपत्रात तो वाढत गेला काय, वादाच्या आधीच्या काळातला एखादा निरपेक्ष कागद किंवा शेजारी त्याला दुजोरा देतो काय. यात ‘केव्हा’ हा मुद्दा दुधारी आहे. घटस्फोटाच्या नोटिशीनंतर आठ दिवसांत आरोप आला म्हणजे तो रचलेला, असे प्रतिपक्षाचे वकील हमखास सांगतात. पण मार खाणारी बाई त्या घरात राहत असताना कोणाकडे तक्रार करणार? माहेरी पोचल्यावरच तिचे तोंड उघडते. उशीर हा एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. वैद्यकीय तपासणीचेही तसेच. बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या अनेक प्रकारांत शरीरावर खूण उरत नाही. म्हणून तपासणीत काही आढळले नाही एवढ्यावरून आरोप कोसळत नाही.

मुलाचे म्हणणे न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात, आईवडील व वकील यांना बाहेर ठेवून ऐकतात. समुपदेशकही मुलाशी बोलतात. समेटाच्या बोलण्यांना गोपनीयता असते; परंतु मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाचा मुलाविषयीचा अहवाल त्या गोपनीयतेच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले. अडचण अशी की तोपर्यंत मूल आई, बाप, मामा, पोलीस, डॉक्टर अशा अनेकांना तीच हकीकत सांगून चुकलेले असते. सेसी आणि ब्रुक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1995 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले तर लहान मूल प्रश्नातलाच तपशील आपली आठवण म्हणून सांगू लागते. ते खोटे बोलत नसते. त्याच संशोधनाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : न सुचवता, मोकळ्या प्रश्नाला मुलाने आपणहून दिलेले उत्तर बरेच विश्वसनीय असते.

सीमाभागात आणि हैदराबाद, इंदूर, वडोदरा यांसारख्या शहरांत यात भाषेची भर पडते. मूल घरी दखनी किंवा मराठी बोलते, न्यायालयाची भाषा वेगळी, आणि निकाल अनेकदा इंग्रजीत. “अब्बाने हाथ उठाया” याचा अर्थ मारले असा आहे. शब्दशः भाषांतरात तो नुसता हात वर करणे होतो. मराठीत “अंगावर हात टाकला” हे मारहाणीलाही म्हणतात आणि विनयभंगालाही. सात वर्षांच्या मुलीने यांतले काय सांगितले हे तिच्याच बोलीत विचारून घेतले नाही, तर कागदावर उमटलेला आरोप तिचा राहत नाही. मुलाचे मूळ शब्द नोंदीत ठेवून त्यापुढे भाषांतर देणे हा साधा उपाय आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही.

“मुलाला शिकवून आणले आहे” हा बचाव अलीकडे एका भारदस्त नावाने येतो. ‘पालक-दुरावा लक्षणसमूह’ ही संज्ञा रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1985 साली प्रचारात आणली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदानसूचीत तिला विकार म्हणून स्थान मिळाले नाही. तरीही 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिचा विस्ताराने उल्लेख केला, आणि नंतर खालच्या न्यायालयांत वकील ती सहज वापरू लागले. मे 2024 मध्ये त्याच न्यायालयाने लगाम ओढला : दुरावा निर्माण करणाऱ्या वर्तनाचे नेमके प्रसंग दाखविल्याखेरीज कोणत्याही पालकावर हे लेबल घाईने चिकटवू नये. ही दुरुस्ती आवश्यकच होती. मूल एका पालकाला भितो याची कारणे दोन असू शकतात, भीती शिकवली गेली किंवा भीतीला कारण घडले. लेबल लावले की दुसऱ्या कारणाचा तपास थांबतो.

फौजदारी प्रकरणाची सावली

ताब्याच्या अर्जाबरोबर अनेकदा आणखी दोन प्रकरणे चालू असतात. एक 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांपुढे. हा कायदाही सर्व धर्मीय स्त्रियांना लागू आहे व त्याच्या कलम 21 अन्वये मुलांचा तात्पुरता ताबा मिळू शकतो, तसेच भेट अपायकारक वाटल्यास नाकारता येते. दुसरे पोलिसांत : पूर्वीच्या 498-अ च्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली, किंवा मुलाबाबत असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याखाली. ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथे करायचा, तर हिंसाचाराचा अर्ज स्त्री तात्पुरती राहते तेथेही करता येतो. सासर बेळगावला आणि माहेर मिरजेला असले की दोन राज्यांत दोन प्रकरणे उभी राहतात.

फौजदारी खटला प्रलंबित आहे म्हणून कौटुंबिक न्यायालयाने डोळे मिटून घ्यायचे नसतात. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की बापावर पत्नीच्या हुंडाबळीचा खटला चालू होता आणि मूल आजी-आजोबांकडे होते. बापाचे चारित्र्य तपासताना हा खटला विचारात घ्यायलाच हवा होता, असे म्हणून न्यायालयाने मूल आजोळीच ठेवले. याउलट नुसते आरोपपत्र म्हणजे पुरावा नव्हे. पोक्सोच्या कलम 29 मधले आरोपीविरुद्धचे गृहीतक विशेष न्यायालयापुरते आहे. तसेच संशयाचा फायदा मिळून सुटलेला बाप ताब्याच्या प्रकरणात आपोआप निर्दोष पालक ठरत नाही, कारण तेथले माप वेगळे.

प्रत्यक्षात मुलाचे आयुष्य अंतिम निकालापेक्षा अंतरिम आदेशानेच अधिक घडते. हिंसाचार कायदा साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे सांगतो. ताब्याच्या मूळ अर्जाला अशी मुदतच नाही. दोन वर्षे मूल एकीकडे राहिले की “आता स्थिरता मोडू नये” हाच युक्तिवाद उभा राहतो. म्हणून आरोपाचा निर्णय होईपर्यंत न्यायालये मधला मार्ग शोधतात : न्यायालयाच्या बालकक्षात समुपदेशकाच्या नजरेखाली भेट, रात्रीचा मुक्काम नाही, किंवा दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संपर्क. या शेवटच्या मार्गाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अधोरेखित केले. देखरेखीखालच्या भेटीत आरोपी पालकावर शिक्का बसत नाही आणि मूलही उघडे पडत नाही, एवढा तिचा उपयोग निश्चित.

शिक्षकांचा संबंध येथे थेट येतो. दोन्ही घरांबाहेरचा, कोणत्याही बाजूचा नसलेला प्रौढ म्हणजे बहुधा शिक्षक; हजेरीपट, अचानक घसरलेले गुण, मुलाने वर्गात आपणहून उच्चारलेले वाक्य, हे कलम 14 खाली न्यायालयापुढे येऊ शकते. अकरावी-बारावीच्या वर्गातले बहुतेक विद्यार्थी अठराच्या आतलेच असतात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे; न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीबाबत ती दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने कळविणाऱ्यास संरक्षण आहे. अशा वेळी चौकशी स्वतः करू नये. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहावे. “बाबांनीच केले ना?” असा एक प्रश्नही पुढे मुलाच्या साक्षीला तडा देऊ शकतो. आई किंवा वडील यांच्यापैकी कोणी “माझ्या बाजूने दाखला द्या” म्हणून आले, तर मत न देता नोंदवहीतील मजकुराची प्रत न्यायालयाच्या मागणीवरून द्यावी.