फुप्फुस-कवकरोग, दीर्घकालीन

जुनाट विकाराने विकृत झालेल्या श्वासनलिकांत किंवा फुप्फुसातील पोकळीत कवके वाढून जे रोग होतात, त्यांस ही संज्ञा देतात. बहुतेक रोग ॲस्परजिलस वंशातील कवकांमुळे, मुख्यत्वे ॲस्परजिलस फ्युमिगेटस या जातीमुळे होतात. या वंशाचे नाव इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ मध्ये दिले.

कारणे : या कवकांची बीजुके सुमारे २ ते ३ मायक्रोमीटर व्यासाची असल्याने श्वासाबरोबर वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी फुप्फुसात पक्ष्माभिका व भक्षी कोशिका त्यांचा निचरा करतात. क्षय, दमा, जुनाट श्वासनलिकाशोथ यांमुळे ही यंत्रणा दुबळी झाली की बीजुके तेथे रुजतात. चंद्रपूर जिल्ह्यातील मूलसारख्या भातपिकाच्या भागात अशा बीजुकांशी संबंध येण्याचे प्रसंग अनेक असतात. भिजलेले पुंजणे, दमट तणस व कोंडा यांवर बुरशी धरते. मळणीच्या व भातगिरणीतील धुळीबरोबर तिची बीजुके हवेत पसरतात. चुलीचा धूर आणि विडी यांनी फुप्फुस आधीच क्षीण झालेले असल्यास धोका वाढतो.

प्रकार : (१) अधिहर्षताजन्य प्रकार दमेकऱ्यांत आढळतो. हिन्सन, मून व प्लमर यांनी इंग्लंडमध्ये १९५२ साली त्याचे वर्णन केले. दमा बळावतो, तपकिरी घट्ट बेडके पडतात व पुढे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. (२) कवकगोलक म्हणजे बऱ्या झालेल्या क्षयाच्या पोकळीत साचलेला कवकजालाचा गोळा. तो अनेक वर्षे लक्षणरहित राहू शकतो. परंतु त्यातून होणारा रक्तस्राव कधीकधी प्राणघातक ठरतो. (३) दीर्घकालीन विवरी प्रकारात पोकळ्या महिनोन्‌महिने वाढत जातात. खोकला, थकवा, वजनातील घट व रक्तमिश्रित थुंकी ही लक्षणे असतात.

निदान : शेवटच्या प्रकाराची लक्षणे क्षयासारखीच असल्याने रोग उलटला असे समजून क्षयाचे औषध पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. क्षय झालेल्या रुग्णास पुन्हा रक्त पडू लागले व थुंकीत क्षयजंतू सापडले नाहीत, तर कवकरोगाचा विचार अवश्य करावा. क्ष-किरण चित्रण, रक्तातील प्रतिपिंडे व थुंकीचे संवर्धन यांवरून निदान होते. थुंकीत केवळ कवक आढळणे हा मात्र रोगाचा पुरावा नव्हे. जुनाट फुप्फुसविकारात ते निरुपद्रवी रहिवासी म्हणूनही असू शकते.

उपचार : अधिहर्षताजन्य प्रकारात कॉर्टिकोस्टेरॉइडे गुणकारी ठरतात, विवरी प्रकारात इट्राकोनॅझोल वा व्होरिकोनॅझोल ही कवकनाशके निदान सहा महिने द्यावी लागतात. क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे या कवकनाशकांची रक्तातील पातळी फार घटते, म्हणून ती एकत्र देणे टाळतात. रक्तस्राव करणारा एकच गोलक असून फुप्फुसाची क्षमता पुरेशी असल्यास शस्त्रक्रिया करतात.

प्रतिबंध : धान्य व तणस कोरडे साठविणे, बुरशी धरलेला पेंढा फुप्फुसविकार असलेल्यांनी न हाताळणे, धुळीच्या कामात नाकातोंडावर योग्य मुखपट्टी वापरणे व धूम्रपान सोडणे हे उपाय हितावह आहेत. क्षयाचे लवकर निदान व पूर्ण उपचार झाल्यास पोकळ्या राहण्याचे प्रमाण घटते आणि कवकास आसरा मिळत नाही.